गोराईची वाडी: बदकं, बाग आणि एक विहीर (उन्हाळा 2025 च्या नोंदी)

12 मार्च 2025, बुधवार. विहीर 9 फूट.

उद्या होळी, आणि आज दुपारी दोन वाजता आंब्याच्या सावलीत टांगलेल्या थर्मामीटरवर 37. समुद्रावरून येणारा वारा तीन वाजेपर्यंत आलाच नाही. बदकं अकरापासून चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडवून धापा टाकत होती. बदकाला घाम येत नाही. अंगातली उष्णता जाते ती श्वासातून, चोचीतून आणि उघड्या पायांतून, म्हणून पाय पाण्यात असले की त्याला बराच आराम पडतो. खाकी कॅम्पबेल जातीची बदकं आपणहून पाण्यात उभी होती. चार पांढरी पेकिन मात्र अंगाने जड, ती कठड्यापर्यंतही आली नाहीत. माळीदादांनी आणि मी त्यांना उचलून पाण्यात ठेवलं.

आजपासून रोज सकाळी सातला विहीर मोजायची. वेळूच्या काठीला फुटाफुटावर लाल रंगाच्या खुणा केल्या. वाडीच्या मालकीण, ज्यांना आम्ही सगळे बाय म्हणतो, त्या अजून हातांतच मोजतात: "सहा हात हाय, शिमग्याला एवरा असायचाच." त्यांचे सहा हात म्हणजे माझे नऊ फूट. हिशेब जुळला.

मोजायचं कारण गेलं वर्ष. मे महिन्यात विहीर मचूळ झाली, मोगऱ्याची पानं कडेने करपली आणि सात पिल्लं गेली. पिल्लांना खारं पाणी झेपत नाही हे तेव्हा कळलं, पण उशिरा. तळं 20 फूट बाय 12 फूट, दीड फूट खोल, म्हणजे साधारण 10,000 लिटर. एकतीस बदकं ते तीन दिवसांत हिरवं करून टाकतात. गेल्या वर्षी ते पाणी आम्ही पाइपाने खाजणात सोडत होतो आणि बागेला विहिरीतून वेगळं उपसत होतो. यंदा एक थेंबसुद्धा खाजणात जाणार नाही. तळ्याचं पाणी हेच बागेचं पाणी.

16 मार्च, रविवार. 8 फूट 9 इंच.

पाट खणून झाला. तळ्याच्या उताराच्या बाजूला आधी एक उथळ खड्डा, त्यात वाळा आणि कर्दळ. गाळ तिथे बसतो, पुढे पाणी केळीला, केळीतून अळूला, शेवटी मोगरा आणि सोनचाफ्याच्या आळ्यांना. पालेभाजीच्या वाफ्यांना हे पाणी द्यायचं नाही. बदकांच्या विष्ठेतले जंतू पानावर राहतात, आणि लाल माठ, पालक आम्ही पाहुण्यांना विकतो. भाजीला ताजंच पाणी.

रविवार असल्याने गर्दी. बोरिवलीच्या बाजूने होडीतून उतरायचं, पॅगोडा पाहायचा आणि मग रिक्षाने वाडीवर, असा अनेकांचा क्रम. जवळजवळ प्रत्येक पिशवीत शिळा पाव. मुलांना बदकांना खाऊ घालायचा असतो आणि त्यांचा आनंद खरा असतो, त्यामुळे "नको" म्हणताना जीवावर येतं. पण पावाने बदकाचं पोट भरतं, अंगाला काही मिळत नाही. वाढत्या वयात असंच खाणं होत राहिलं तर पंखाचं टोक बाहेर वळतं आणि ते पुन्हा सरळ होत नाही. वर, उरलेला पाव पाण्यात सडतो, आणि ते पाणी आमच्याच विहिरीचं. पुढच्या रविवारपासून दारातच पाव ठेवून घ्यायचा आणि बदल्यात वाटीभर चिरलेला माठ आणि भिजवलेले गहू द्यायचे. फुकट. यावर पैसे घ्यायचे नाहीत हे बायना पटवलं. त्यांना पटवावं लागलं नाही खरं तर.

23 मार्च, रविवार. 8 फूट 2 इंच.

वाटीची पद्धत चालली. भिजवलेले गहू पाण्यात टाकले की बुडतात, मग बदकं शेपटी वर करून डोकं खाली घालतात. पाव तरंगतो, त्यात हे दिसतच नाही. एका मुलाने विचारलं, ते लाल तोंडाचं बदक ओरडत का नाही? ते मस्कोव्ही. बाकीची आमची सगळी बदकं रानबदकाच्या एकाच कुळातली, मस्कोव्ही तेवढं दक्षिण अमेरिकेतलं, वेगळं. ते फुसफुसतं. मग सगळ्यांना नर-मादी ओळखायला शिकवलं: मोठ्याने क्वॅक करते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि शेपटीवर एक पीस कुरळं. पुढचा अर्धा तास पोरं कुरळी पिसं मोजत होती. सहा नर, त्यांनी बरोबर मोजले.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा. 7 फूट 6 इंच.

बायची गावठी कोंबडी खुडूक झाली आहे. तिच्याखाली खाकी कॅम्पबेलची नऊ अंडी रवणीला घातली. खाकी कॅम्पबेल वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते, पण ती अंड्यांवर बसत नाही. एका इंग्लिश बाईने, मिसेस कॅम्पबेल यांनी, ग्लॉस्टरशायरमधल्या घरी ही जात तयार केली ती अंड्यांसाठी. बसण्याची सवय त्यात मागे पडली.

अंडी जपणं इथल्या उकाड्यात कठीण. बदक पहाटे अंडं घालतं. ते नऊपर्यंत तसंच राहिलं तर खोलीच्या उष्णतेनेच आत वाढ सुरू होते आणि अर्धवट होऊन थांबते. म्हणून सहालाच गोळा करून ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवत होतो. आता 28 दिवस. बदकी स्वतः बसली असती तर ओल्या अंगाने परत आली असती. कोंबडी कोरडी, त्यामुळे रोज ती चरायला उठली की अंड्यांवर आम्ही कोमट पाणी शिंपडायचं, आणि अंडी जड म्हणून हाताने फिरवायची. एका बाजूला पेन्सिलने फुली केली आहे.

4 एप्रिल, शुक्रवार. 7 फूट 2 इंच.

दोन अंडी पातळ कवचाची. उन्हात बदक सारखं धापतं, त्या धापण्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. कॅल्शियम तर द्यायलाच हवं. कोळीवाड्यातल्या मावशी कालवं फोडून विकतात, टरफलं टाकून देतात. एक पाटीभर आणली, उकळली, वाळवली, पाट्यावर कुटली आणि वेगळ्या थाळीत ठेवली. नर तिकडे फिरकले नाहीत. माद्या सकाळीच थाळीपाशी.

6 एप्रिल, रविवार, रामनवमी. 7 फूट.

रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी पाहिली. सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा, दोन वांझ. वांझ काढली. कोंबडी मला चावली. तिचा हक्क आहे.

9 एप्रिल, बुधवार. 6 फूट 8 इंच.

आज एक खाकी बदक गेलं.

काल संध्याकाळी ते कुंपणापाशी बसलेलं दिसलं. मान उचलता येत नव्हती, पाय लुळे, डोळे मात्र जागे. मला वाटलं ऊन लागलं. पाणी पाजलं, सावलीत ठेवलं. रात्री जनावरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, ते पहिल्या होडीने आले, तोवर संपलं होतं. त्यांनी वाळ्याच्या खड्ड्याच्या पलीकडे बोट दाखवलं: पाटाच्या कडेला, केळीच्या पाचोळ्याखाली, एक मेलेला उंदीर आणि त्यावर अळ्या. बोटुलिझम. उन्हाळ्यात सडणाऱ्या मांसात हा जिवाणू विष तयार करतो. अळ्यांना त्या विषाचं काही होत नाही, त्यांच्या अंगात ते साठतं. बदक अळ्या आवडीने खातं. थोड्याच पुरतात.

तो पाट मी आखला. पाणी वाचवण्याच्या नादात तिथे रोज ओल राहणार, पाचोळा साठणार, त्याखाली काही मरून पडलं तर दिसणार नाही, हा विचार केला नव्हता. दिवसभर सगळी वाडी खालून वर झाडली. आच्छादन काढलं नाही, कारण ते नसेल तर आळ्यातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. पण पाटापासून तीन फुटांवर बांबूचा बुटका कूड घातला. बदकं तळ्यात, पाचोळा कुडापलीकडे. आणि रोज सकाळी विहीर मोजण्याआधी पाटाची पूर्ण फेरी, काठीने पाचोळा उलटून. हे काम दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, मी करायचं.

बाकी तीस ठीक दिसताहेत. दर दोन तासांनी मोजते आहे.

10 एप्रिल, गुरुवार. तीस.

11 एप्रिल, शुक्रवार. तीस. विहीर मोजायची राहिली.

13 एप्रिल, रविवार. 6 फूट 3 इंच.

फलक लावला: दुपारी 12 ते 4 बदकं विश्रांतीला असतात, दिसणार नाहीत. त्यांची बसायची जागा नारळीखाली हलवली, वर झावळ्यांचे झाप, बाजूला ओलं गोणपाट. दोन कुटुंबं दुपारी एकच्या उन्हात लहान मुलं घेऊन आली आणि नाराज झाली. होडी, रिक्षा, तिकीट, सगळा खर्च करून आलेली माणसं, त्यांचं वाईट वाटणं मला समजतं. त्यांना मांडवात बसवून ताडगोळे दिले, चारपर्यंत थांबा म्हटलं. एक कुटुंब थांबलं. चार वाजता फाटक उघडलं तेव्हा तीस बदकं एका रांगेत तळ्याकडे निघाली, पुढे उभ्या मानेची रनर, मागे डुलत पेकिन. ही रांग दिवसभर बदकं बाहेर ठेवली असती तर कधी दिसली नसती. त्या घरातल्या आजी लालबागच्या. म्हणाल्या, "शाळा सुटल्यासारखी निघाली की गं!"

वाडीची वेळ बदकांच्या दिवसाप्रमाणे ठरली पाहिजे. पाहुण्यांनी त्यात बसायचं. यावर घरात चर्चा चालू आहे. बायच्या मुलाचं म्हणणं की दुपारीच लोक जास्त येतात, आणि तळ्यात एक कारंजं बसवलं तर फोटो चांगले येतील. कारंज्याचं पाणी उडतं, उडालेलं पाणी वाऱ्याबरोबर जातं. विहिरीची काठी त्यांना नेऊन दाखवली. कारंज्याचा विषय तूर्त बंद.

18 एप्रिल, शुक्रवार, गुड फ्रायडे. 5 फूट 10 इंच.

वाडी बंद. गावात सगळीकडे शांत. फाटकाजवळचा बहावा आज पहिल्यांदा नीट पिवळा दिसला. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात. त्या हिशेबानेही जून उजाडतो. हवामान खात्याची मुंबईची सरासरी तारीख 11 जून. मी पाणी 15 जूनपर्यंत पुरेल असं धरून चालले आहे.

23 एप्रिल, बुधवार. 5 फूट 4 इंच. मीटरवर 1,180.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मार्चमध्ये 540 दाखवत होता. चहाला अजून चव लागत नाही, पण बायना पहिल्या घोटात कळलं. "पानी बदाललाय. दोन दीस नको उपसू गो."

त्या म्हणतात ते बरोबर आहे. समुद्राजवळच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड, फरक थोडासाच. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं असतं. उलटंही खरं: वरचं एक फूट ओढलं की खालून खारं 40 फूट वर सरकू पाहतं. मोटार जोरात चालली की विहिरीच्या थेट खाली ते सुळक्यासारखं उठतं. पूर्वी इथे रहाट होते, बैल दमला की उपसा थांबायचा आणि विहिरीला श्वास मिळायचा. मोटार दमत नाही.

म्हणून आता मोटार एका वेळी वीसच मिनिटं, दिवसात तीनदा, मध्ये चार-चार तासांचा खंड. तळ्याची खोली दीड फुटावरून एक फुटावर आणली. बदकाला पोहायला खोल पाणी मिळालं तर उत्तम, पण निदान डोकं पूर्ण बुडालंच पाहिजे, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात. एक फुटात ते होतं. पेकिनचे पाय तळाला लागतात, त्यांना चालतंय.

अझोल्याच्या दोन वाफ्यांवर शेडनेट टाकलं. उन्हाने लालसर पडला होता. हिरव्या चाऱ्यातला हा सगळ्यात स्वस्त, चार बोटं पाण्यात वाढतो, हवेतला नायट्रोजन त्याच्या पानात राहणारी शैवालं धरून ठेवतात.

27 एप्रिल, रविवार. 5 फूट. मीटरवर 1,120.

पाच पिल्लं! सातांपैकी एक कवचातच मेलं, एक फुटलंच नाही. पाच मात्र दुपारपर्यंत वाळून पिवळी-तपकिरी.

कोंबडी गोंधळलेली नाही. गोंधळतात ती बघणारी माणसं. पिल्लं पाण्याच्या थाळीत चढतात आणि कोंबडी काठावर क्लक् क्लक् करत फिरते, तेव्हा सगळे म्हणतात, बिचारी. पण काळजी करायची ती पिल्लांची. बदकी आई असती तर तिच्या पिसांतलं तेल त्यांच्या अंगाला लागलं असतं. कोंबडीखाली उबवलेल्या या पिल्लांना ते मिळत नाही, ती भिजतात आणि गारठतात, भर एप्रिलमध्येसुद्धा. म्हणून थाळीत गोटे भरले, चोच जाईल एवढीच फट. पाणी विहिरीचं नाही, टँकरचं, कॅनमध्ये वेगळं ठेवलेलं. खाण्यात यीस्ट मिसळलं. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, ते नसेल तर पाय वाकतात.

1 मे, गुरुवार. 4 फूट 9 इंच.

सुट्टी, गर्दी, वाटीचे गहू दोन वाजता संपले. अंगणात बाटली मसाल्याच्या मिरच्या वाळत आहेत, सगळ्या वाडीला वास. रनर बदकं कुंपणातून निसटून थेट मिरच्यांवरून चालत गेली. पक्ष्याला मिरचीचा तिखटपणा लागत नाही. खाल्ल्या नाहीत, पण तुडवल्या. बायनी पुन्हा सगळ्या धुतल्या, पाणी मोगऱ्याला गेलं.

मग त्या सावलीला बसून सांगत होत्या. त्यांच्या लहानपणी घरोघर बदकं असायची, ती नाताळला आणि लग्नाला मोयलीसाठी, म्हणजे बदकाच्या कालवणासाठी. नावं कुणी ठेवत नसे. आता पाहुण्यांची मुलं नावं ठेवतात आणि त्या स्वतःही त्या नावांनी हाक मारतात. यात त्यांना काही वावगं वाटत नाही, तेही आपलं, हेही आपलं.

7 मे, बुधवार. 4 फूट 7 इंच.

काल रात्री वादळी वारा आणि पाऊस. झावळ्या उडाल्या, एक केळ आडवी. पाऊस विहिरीला पुरेल इतका नव्हता पण तळ्याच्या वरचा धुळीचा थर गेला. रात्री तिवरांतून कोल्हेकुई ऐकू आली, नेहमीपेक्षा जवळ. या खाडीच्या खारफुटीत कोल्हे आहेत आणि ते असावेत असंच मला वाटतं. खुराड्याची जाळी मात्र जमिनीत एक फूट पुरलेली हवी. दोन ठिकाणी वर आली होती, पुन्हा पुरली.

11 मे, रविवार. 4 फूट 5 इंच.

खाद्याच्या पोत्याला कुबट वास. दमट हवा आणि वर त्या रात्रीचा पाऊस. हात घातला तर खालचा मका गुठळ्या झालेला. चाळीस किलो. निवडून वापरू, असं माळीदादा म्हणाले, आणि पैशांचा विचार केला तर त्यांचं बरोबर. पण बुरशीतल्या अफलाटॉक्सिनला बदक फार नाजूक असतं, पिल्लू तर सगळ्यात जास्त. हे विष कळलं तेच मुळी अशा मरणांतून: 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की आणि बरोबर बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेतल्यावर कारण बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड निघाली. वास गेला तरी विष राहतं, उकळूनही नीट जात नाही. सगळं पोतं खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला. नवं खाद्य दहा-दहा किलोच आणायचं, लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर.

21 मे, बुधवार. 5 फूट 1 इंच.

काल संध्याकाळपासून विजा आणि मुसळधार. मे महिन्यात विहीर चढली! मीटरवर 960. पाटाचा उतार उलटा काम करायला लागला, सगळ्या अंगणाचं पाणी तळ्यात. ते बाहेर काढायला बांध फोडला.

26 मे, सोमवार. 6 फूट 8 इंच.

मान्सून आला. हवामान खात्याने आज जाहीर केलं: मुंबईत 26 मे, नेहमीपेक्षा 16 दिवस आधी. याआधीची सगळ्यात लवकरची तारीख 29 मे, 1956 मधली. कुलाब्याचा मे महिन्याचा 1918 चा विक्रमही मोडला. लोकांचे हाल झाले, शहरात पाणी भरलं, होडी बंद, एकही पाहुणा नाही. माझ्या वहीतला 15 जूनपर्यंतचा सगळा हिशेब वाया गेला आणि मला इतका आनंद झाला की मी माळीदादांना दोनदा तीच बातमी सांगितली.

बदकं दिवसभर पावसात उभी. सावलीला एकही गेलं नाही. चोच वर करून, पंख झटकून, पुन्हा उभी. पेकिन तीन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण पांढरी.

28 मे, बुधवार. 7 फूट 4 इंच. मीटरवर 610.

गोगलगायी निघाल्या. भाजीच्या वाफ्यांत सहा रनर सोडली, अर्धा तास, मी काठी घेऊन उभी. लहान गोगलगायी ती टिपतात, मोठ्या आफ्रिकन गोगलगायी त्यांच्या घशात अडकू शकतात म्हणून त्या आधीच हाताने वेचल्या. भेंडीची रोपं वीतभर आहेत, त्यांना त्रास नाही. माठाची कोवळी ओळ मात्र त्यांनी साफ केली. पुढच्या वेळी तिथे आधी जाळी.

पिल्लं एक महिन्याची झाली. अंगावर खरी पिसं येताहेत, स्वतःचं तेल चोचीने चोपडताना दिसतात. चार वाजता पाऊस थांबल्यावर त्यांना पहिल्यांदा तळ्यात सोडलं. कोंबडी काठावर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि मग गांडुळं उकरायला वळली.

31 मे, शनिवार. 7 फूट 10 इंच.

पलीकडच्या शेतात पाणी साचलंय, तिथे सकाळी हळदीकुंकू बदकांची जोडी उतरली होती. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल टिपका, रानातलं बदक. आमची तीस आणि पाच पिल्लं कुंपणाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. बायना हाक मारली, त्या भाकरी तव्यावर टाकून आल्या.

सकाळची फेरी झाली, पाट स्वच्छ. मोगऱ्याच्या तिसऱ्या आळ्यापाशी बांध खचलाय. सोमवारी होडी सुरू झाली तर चुना आणि दहा किलो मका आणायचा, नाहीतर मनोरीहून मार्वेमार्गे.